१९८५ ची बाटली

पोर्ट वाईन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यासमोर गोव्याहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली गोडमिट्ट लालभडक बाटली येते. आमच्या आजीच्या फडताळात एक होती, काढ्याच्या आणि बामच्या बाटल्यांशेजारी, आणि घरात कुणी आजारातून उठलं की अंगात ताकद यावी म्हणून त्यातली दोन चमचे मिळायची. त्यामुळे लग्नानंतर इंग्लंडला आल्यावर पहिल्यांदा खरी व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच निवडक सालच्या द्राक्षांची पोर्तुगालची पोर्ट, चाखली तेव्हा मला कळेचना की या दोन गोष्टींना एकच नाव कसं काय. मग या विषयाचा नादच लागला, पोर्तुगालला जाऊन आले, जमेल तेवढं वाचलं, आणि गेल्या डिसेंबरात आई-नाना इथे लीड्सला आलेले असताना चाळीस वर्षं जुनी एक बाटली घरी उघडली. ती उघडण्यापासून शेवटच्या घोटापर्यंतची सगळी हकीकत लिहून ठेवतेय, कारण मला मनापासून वाटतं की द्राक्ष पिकवणाऱ्या आपल्या माणसांना यातलं बरंच काही चटकन कळेल.

आधी सालाचं सांगते. आम्ही नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतकडचे. नानांनी १९८५ साली कर्ज काढून पहिली दीड एकर थॉमसन द्राक्षं लावली, मांडवाची, दगडी खांब आणि तारा. मी अंगणवाडीत जायच्या आधीपासून ती बाग होती आणि माझं कॉलेज होईपर्यंत टिकली, मग वेली म्हाताऱ्या झाल्या म्हणून काढली, आता तिथे दुसरं वाण आहे. त्या बागेतलं घरात आज काहीही उरलेलं नाही, एक फोटोसुद्धा नाही. म्हणून जेव्हा एका जुन्या वाईनवाल्याच्या यादीत डाउज (पोर्ट करणारी एक जुनी कंपनी) १९८५ दिसली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की नानांनी ज्या वर्षी पहिल्या काड्या लावल्या त्या वर्षी पिकलेली द्राक्षं कुठेतरी अजून बाटलीत आहेत.

आणि ते साल पोर्टसाठीही चांगलं होतं, हा योगच. व्हिंटेज पोर्ट दरवर्षी निघत नाही, कंपनीला ते साल 'डिक्लेअर' करावं लागतं, दहा वर्षांत साधारण तीनदा. वाईन पिंपात ठेवून, पुन्हा पुन्हा चाखून, खरंच तेवढी ताकद आहे असं वाटलं तर नमुने पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या सरकारी संस्थेकडे जातात, तिथल्या चाखणाऱ्यांनी पास केलं की मगच बाटलीवर ते साल लागतं. १९८५ जवळजवळ सगळ्या मोठ्या घराण्यांनी डिक्लेअर केलं होतं. असं सहसा होत नाही, १९७७ इतकं गाजलेलं साल, पण कॉकबर्नसारख्या जुन्या घराण्याने ते केलंच नव्हतं.

डाउज घ्यायचं कारण दुसरं. तीन वर्षांपूर्वी आम्ही पोर्तोहून रेल्वेने पिन्याउंला गेलो होतो, अडीच तासांचा प्रवास, शेवटचा टप्पा अगदी दोरू नदीच्या काठाकाठाने. पिन्याउंचं स्टेशन एवढंसं, पण भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका, नदीतल्या होड्या, तिथेच माझे पाय रेंगाळले. स्टेशनपासून चालत गेलं की थोड्याच अंतरावर डाउजचा बोम्फीम नावाचा मळा आहे, त्यांनी तो १८९६ मध्ये घेतला, तिथे एक दुपार काढली. डोंगराला कापून केलेल्या पायऱ्या, माती म्हणावी अशी मातीच नाही, सगळा पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट दगड, आणि तो दगड उभा फाटलेला असतो म्हणून मुळं त्या फटींतून पाण्याच्या शोधात खोल जातात. मी तिथला एक तुकडा पर्समध्ये टाकून आणला होता, तो नानांना दाखवला तर ते नखाने त्याचे पापुद्रे काढत बसले, आणि मग पहिला प्रश्न, "एकरी काय निघतं?" मी सांगितलं की कायद्यानेच हेक्टरी ५५ हेक्टोलिटरची (५,५०० लिटरची) मर्यादा आहे, म्हणजे एकरी तीन टनांच्या आसपास द्राक्षं, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून कमीच भरतं. आमच्याकडे दहा टन नाही निघालं तर घरात जेवण जात नाही. नाना बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग भाव चांगला मिळत असेल, नाहीतर डोंगर कोण फोडेल."

बरं, बाटली. जुनी व्हिंटेज पोर्ट घेताना दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे वाईनची पातळी बाटलीच्या मानेपर्यंत आहे का, खांद्याच्या खाली गेली असेल तर बुचातून हवा आत गेलीये असं समजायचं, आणि दुसरं म्हणजे वरच्या टोपणाखालून चिकट ओघळ आलाय का. माझ्या बाटलीची पातळी मानेत होती, टोपण कोरडं होतं. तरी छातीत धाकधूक होतीच कारण दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या दुकानातून १९८३ ची बाटली घेतली होती, बाहेरून निर्मळ, आणि उघडल्यावर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातला दोष, वाईनचा नाही, पण बाटली गेली ती गेलीच, दुकानदाराने हात वर केले. त्यामुळे या वेळी कुणालाच आधी सांगितलं नव्हतं की ही खास आहे, फक्त नवऱ्याला माहीत होतं.

ही बाटली आडवी ठेवलेली असते, बूच ओलं राहावं म्हणून, आणि चाळीस वर्षांत आतला गाळ खालच्या बाजूला जाड थराने बसतो. गायाच्या तळघरांत, म्हणजे पोर्तोच्या समोरच्या काठावर जिथे या सगळ्या कंपन्यांची कोठारं आहेत तिथे, मी खूप जुन्या बाटल्यांवर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाचा फटकारा पाहिला होता. विचारलं तर कळलं, ती खूण म्हणजे वरची बाजू, बाटली एका कोठारातून दुसऱ्या कोठारात गेली तरी खूण वरच ठेवायची, म्हणजे गाळाचा थर मोडत नाही. चुन्याच्या एका बोटाने केवढं काम.

माझ्या बाटलीवर खूण नव्हती म्हणून लेबल वर ठेवून आणली आणि घरी तशीच आडवी ठेवली. उघडायच्या तीन दिवस आधी हळूच उभी केली. इथे घाई करायची नाही, कमीत कमी एक दिवस तरी हवाच, मी तीन दिले, आणि ते तीन दिवस तिला जिन्याखालच्या कपाटात ठेवून लेकाला बजावलं होतं की त्या बाजूला बॉल गेला तर मला हाक मार, स्वतः आत घुसू नकोस.

रविवारी दुपारी चारला उघडायला घेतली, जेवण आठला होतं. टोपणाचा पत्रा कापला, खाली बुचावर काळपट बुरशी होती, ती तशी चांगली खूण, ओलसर तळघरात राहिल्याची. ओल्या फडक्याने तोंड पुसून घेतलं. आता हे जे बूच असतं ना ते साध्या वाईनपेक्षा लांब असतं, आणि पोर्टच्या बाटलीची मान मध्यभागी किंचित फुगीर असते, त्यामुळे चाळीस वर्षांत बूच त्या फुगवट्यात फुगून बसतं, आणि खालून वाईन शोषून मऊ झालेलं असतं, म्हणजे वर घट्ट आणि खाली भुसभुशीत. यासाठी पोर्तुगालमध्ये एक जुनी पद्धत आहे, लोखंडी सांडशी विस्तवात लाल करतात, बाटलीच्या मानेला बुचाच्या खाली आवळून धरतात, मिनिटभराने काढून त्याच जागी गार पाण्याचं फडकं लावतात, आणि काच तिथल्या तिथे सरळ रेषेत तडकते, बूच आत तसंच, मान बाजूला. गायाला एकाने आमच्यासमोर केलं होतं, टक् असा एक छोटा आवाज आणि मान हातात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्या गॅसवर असलं काही करू नकोस."

तर मी दोन पात्यांचं ओपनर वापरलं, ज्यात स्क्रू नसतो, दोन पातळ पट्ट्या बूच आणि काच यांच्या मधून डावी-उजवीकडे हलवत खाली सरकवायच्या आणि मग गोल फिरवत वर ओढायचं. अर्धं आलं छान. मग हाताला जाणवलं की आत काहीतरी सुटलं, आणि वरचा दीड इंच बाहेर आला, खालचा भाग मानेतच. दोन मिनिटं मी नुसतीच बघत उभी राहिले. नाना शेजारी येऊन उभे होते, ते म्हणाले, "ओढू नको, तिरकं घे," आणि खरंच, उरलेल्या तुकड्यात लांब स्क्रू तिरका घालून एका बाजूने काचेला टेकवत टेकवत काढला तर बहुतेक सगळा आला, थोडा भुगा आत पडला. वरच्या तुकड्यावर काळ्या अक्षरांत डाउज, आणि १९८५ चे पहिले तीन आकडे, पाचाच्या पोटातून तडा गेलेला. नानांनी दोन्ही तुकडे उचलून ताटलीत नीट जुळवून ठेवले.

मग गाळणं. मी याआधी कॉफीचा फिल्टर वापरलेला आहे आणि पुन्हा कधी वापरणार नाही, वाईनला कागदाचा वास लागतो. या वेळी आईने चक्का बांधायला भारतातून आणलेलं मलमलचं कोरं कापड होतं, ते साबण न लावता गरम पाण्यात दोनदा उकळून पिळून घेतलं, काचेच्या नरसाळ्यावर एकच पदर टाकला, खाली डिकँटर, म्हणजे वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं. नवऱ्याने फोनचा टॉर्च बाटलीच्या खांद्याखाली धरला, पूर्वी मेणबत्ती धरायचे, काम तेच, मानेतून जाणारी वाईन आरपार दिसली पाहिजे. एकदा ओतायला सुरुवात केली की मध्ये बाटली उभी करायची नाही, एका धारेत, अगदी सावकाश. बाटली गडद हिरवी, जवळजवळ काळी, पण टॉर्चच्या उजेडात मानेतली धार माणकासारखी लाल दिसत होती, आणि मी मनात घोकत होते, हात हलू देऊ नकोस, हात हलू देऊ नकोस. चार-पाच मिनिटं लागली असतील. शेवटी शेवटी त्या लाल धारेत एक बारीक काळा धागा आला, धुरासारखा, खांद्यापासून मानेकडे सरकत येणारा. नाना एकदम म्हणाले, "बास!" मी थांबले. त्यांना मी काहीच समजावलं नव्हतं, पण तळाचा गढूळ भाग वरच्यात जाऊ द्यायचा नाही हे त्यांना सांगायला कशाला हवं.

बाटलीत अर्धी वाटी गढूळ राहिली. कापडावर बुचाचा भुगा आणि काळा-जांभळा चिखल, मधे बारीक चकाकणारे कण. नानांनी बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला, म्हणाले रेती आहे. रेती नाही, द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक, आणि बाकीचा चिखल म्हणजे रंग आणि तुरटपणा एकमेकांना चिकटून जड होऊन खाली बसलेले. आणि मला वाटतं व्हिंटेज पोर्ट समजून घ्यायची तर हा चिखल समजून घेतला पाहिजे.

म्हणजे असं, की ताजी पोर्ट करताना फर्मेंटेशन अर्ध्यात थांबवतात. द्राक्षाचा रस आंबायला लागला, साखर निम्म्यावर आली, की त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाचीच स्पिरिट ओततात, ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, आणि यीस्ट तिथेच मरतं. उरलेली साखर, लिटरला साधारण १०० ग्रॅम, तशीच राहते, अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास. (४३५ आणि ११५ मिळून ५५० लिटरचं एक लाकडी पिंप, त्याला ते 'पिपा' म्हणतात. आपला पिंप शब्द तिथूनच आलाय हे कळलं तेव्हा मला भारी आनंद झाला होता, आमच्या न्हाणीतल्या पाण्याच्या पिंपाला एवढा लांबचा नातेवाईक.) पण मग साध्या वाईनला सालांतून रंग काढायला आठ-दहा दिवस मिळतात तिथे यांना दोन-तीनच दिवस, तेवढ्यात सगळा रंग, सगळा कस ओरबाडून काढायचा, म्हणून अजूनही चांगल्या मळ्यांत द्राक्षं ग्रॅनाइटच्या हौदात पायाने तुडवतात. मांडीपर्यंत द्राक्षं, माणसं रांगेत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एकजण ओरडून ताल देतो, डावा-उजवा, डावा-उजवा, पहिले दोन तास असंच शिस्तीत आणि मग मोकळं नाचत. सप्टेंबरअखेरीला एका छोट्या मळ्यात रात्री हे पाहायला मिळालं होतं आणि मला सारखी वारीतली पावली आठवत होती. पाय बी फोडत नाही, साल मात्र चुरगळतं, बी फुटली तर कडू होतं, हेच त्यामागचं कारण.

आता ही इतकी दाट, काळी, तुरट वाईन दोन वर्षं मोठ्या पिंपांत ठेवून न गाळता बाटलीत भरतात. इथेच ती इतर पोर्टपासून वेगळी होते. टॉनी नावाचा जो प्रकार असतो तो वर्षानुवर्षं लाकडात राहतो, हवा लागत राहते, रंग उडून मधासारखा होतो, गाळ पिंपातच राहतो, बाटली कधीही उघडा आणि आठवडाभर पित बसा. व्हिंटेज मात्र जे काही व्हायचं ते बाटलीत, हवेशिवाय, अंधारात. तरुणपणी ती पिता येते पण जीभ सोलून काढते. पुढच्या वीस-तीस-चाळीस वर्षांत तो रंग आणि तो तुरटपणा थोडा थोडा करून खाली बसत जातो आणि वर जे राहतं ते मऊ होत जातं. तो कापडावरचा चिखल म्हणजे वाईनचा चाळीस वर्षांत निवलेला राग, असं मी आईला सांगितलं, तिला ते आवडलं.

आता चाखण्याचं. पोर्टला ते पिटुकले ग्लास वापरू नका, त्यात नाक जात नाही. साधा वाईनचा ग्लास, एक तृतीयांशपेक्षा कमी भरलेला. हॉलमध्ये हीटिंगमुळे उकडत होतं म्हणून डिकँटर मागच्या दाराजवळच्या खिडकीत ठेवला होता, तिथे सतराच्या आसपास तापमान असतं, त्याहून गरम झाली की नुसती स्पिरिट नाकात जाते.

साडेचारला पहिला घोट. खरं सांगायचं तर निराशा. पुठ्ठ्याचा वास नव्हता, हे आधी बघितलं आणि मोठ्ठा श्वास सोडला, पण बाकी काहीच नव्हतं, बंद ट्रंकेचा कोंदट वास, वर स्पिरिटचा चटका, चव गोड आणि मग एकदम कोरडी. मला माहीत होतं की असं होतं, तरी मन खट्टू झालंच. झाकण न लावता तशीच ठेवून दिली आणि भाजी चिरायला घेतली.

सहा वाजता पुन्हा. आणि आता खोलीत शिरल्या शिरल्या वास. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला, मधे अजून गडद डाळिंबी, कडेला विटकरी, आणि अगदी काठाला चहाच्या पाण्यासारखी नारिंगी कडा. पहिल्यांदा आलं ते सुकं अंजीर. मग संत्र्याची वाळलेली साल, लवंग, आणि तळाशी काहीतरी जे मला ओळखीचं होतं पण नाव सापडत नव्हतं.

नाना माळकरी आहेत, चाळीस वर्षं द्राक्षं पिकवून त्यांनी वाईनचा थेंब जिभेवर घेतलेला नाही आणि मी आग्रह करणारही नव्हते. पण त्यांनी स्वतःच हात पुढे केला, म्हणाले, "वास घ्यायला काय हरकत आहे." ग्लास दोन्ही हातांत धरला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि घडावर औषध बसलंय का हे बघताना करतात तसे डोळे बारीक करून वास घेतला. एकदा, मग थांबून परत एकदा. "बेदाण्याच्या शेडमधला आहे हा वास. संध्याकाळचा. दिवसभर तापलेली शेड उघडली की येतो तो. पण हिरव्या बेदाण्याचा नाही, काळ्या मनुकेचा." आणि थोड्या वेळाने, "आणि ओल्या दगडाचा. पहिलं पाणी सोडलं की खांब भिजतात, तसा."

माझं नाव न सापडणारं जे होतं ते हेच होतं. मी वाईनच्या पुस्तकांत इतकी वर्णनं वाचली, प्रून, टोबॅको, चॉकलेट, सीडर, पण तापलेली मनुकांची शेड हे त्या ग्लासात तंतोतंत होतं. आपण हे दुसऱ्यांचे शब्द पाठ करून त्यांच्या फळांचा वास शोधत बसतो, आणि आपल्या नाकाला माहीत असलेल्या गोष्टी सांगायला संकोचतो, हे मला त्या दिवशी फार लागलं. मग मी वहीत सगळं मराठीतच लिहिलं. सुकं अंजीर, काळी मनुका, लवंग, जुन्या लाकडी कपाटाचा आतला वास, दुधाशिवायचा कडक चहा. जिभेवर आधी काकवी, पण काकवी जशी घशात चिकटते तशी नाही, मधे आंबट एक रेघ येते आणि गोडवा धुऊन नेते, आणि शेवटी तुरट, पण सुपारीसारखं खरखरीत नाही, आवळा खाऊन झाल्यावर पाणी प्यायलं की जे होतं तसं काहीतरी. काकवी हा आईचा शब्द, तिने चमचाभर घेतली होती. डाउज इतर घराण्यांपेक्षा कमी गोड करतात, रस थोडा जास्त आंबू देतात, ते इथे कळतं, इतकी साखर असूनही शेवट कोरडा.

आठला जेवण झालं, साडेनऊला मी आणि नवऱ्याने नीट बसून प्यायली. आणि माझ्या मते खरी बाटली तेव्हा उघडली, बुचानंतर साडेपाच तासांनी. अंजीर, मनुका वगैरे वेगवेगळं सांगता येईल असं काही राहिलंच नव्हतं, सगळं एकमेकांत मुरलं होतं, लोणचं मुरतं तसं, आणि गिळल्यावर मी घड्याळ न बघता मनात आकडे मोजले तर साठ-सत्तरपर्यंत चव तोंडात होती. इंग्रज लोक यासोबत स्टिल्टन चीज खातात, निळ्या बुरशीचं, आम्हीही आणलं होतं, खारट चीज आणि गोड पोर्ट हे जमतंच यात शंका नाही, पण मला जास्त जमलं ते अक्रोड आणि नानांनी बॅगेतून आणलेल्या घरच्या मनुका. एक मनुका, एक घोट. हे कुणीही करून बघा.

जेवणानंतर नाना-आईला मी पोम्बालच्या मार्किसची, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगालच्या सर्वेसर्वा मंत्र्याची, गोष्ट सांगितली. अठराव्या शतकात इंग्लंडला पोर्टचा खप इतका वाढला की व्यापारी रंग गडद दिसावा म्हणून त्यात एल्डरबेरी या काळ्या-जांभळ्या फळाचा रस घालायला लागले, नाव खराब झालं, भाव कोसळले. तेव्हा पोम्बालने १७५६ मध्ये दोरू खोऱ्याची हद्दच आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले, यातल्याच द्राक्षांची पोर्ट, बाहेरची नाही, आणि एल्डरची झाडं उपटून टाकायला लावली. आज आपण जीआय जीआय (भौगोलिक मानांकन) म्हणतो, नाशिकच्या द्राक्षाला जीआय मिळालं तेव्हा गावात केवढं कौतुक झालं होतं, त्याची ही अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीची आवृत्ती. नानांनी एकच विचारलं, "खांब अजून आहेत?" आहेत, काही अजून उभे आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिकँटरमध्ये तिसरा हिस्सा उरला होता. अजून छान, पण हलकी, मसाल्यांचा वास गेला होता आणि गोडवा पुढे आला होता. तिसऱ्या दिवशी ती नुसती गोड लाल वाईन झाली होती, चांगल्यापैकीच, पण बेदाण्याची शेड बंद झालेली. म्हणून सांगते, जुनी बाटली उघडाल तर चार-सहा माणसं जमवा आणि दोन दिवसांत संपवा, ठेवून ठेवून प्यायची ही गोष्ट नाही. अडीच-तीन तास आधी उघडावी असं बहुतेक ठिकाणी सांगतात, मी पुढच्या वेळी पाच तास देईन. ही माझी एका बाटलीवरची नोंद आहे, पण मी ती ठामपणे करतेय.

बाटलीतली ती अर्धी वाटी गढूळ वाईन मी कापडातून पुन्हा गाळून मटणाच्या रश्श्यात घातली, मटण उत्तम झालं. मलमलचं कापड तीनदा धुतलं तरी जांभळा गोल तसाच आहे, आई म्हणाली आता यात चक्का बांधायचा नाही, ठेव तुझं तुझ्याकडे.

बाटली उघडली त्याच रात्री नानांनी गावाला व्हिडिओ कॉल लावला होता. भाऊ बागेतच होता, तिकडे पहाटेचे पाच-साडेपाच, दवामुळे बुरशीच्या रोगाची भीती म्हणून लवकर फवारणी सुरू होती. नानांनी बुचाचे दोन तुकडे बोटांत जुळवून कॅमेऱ्यासमोर धरले. "हे बघ. पंच्याऐंशी. आपली पहिली बाग लावली ते साल." भाऊ म्हणाला, "कसलं आहे हे?" नाना म्हणाले, "द्राक्षं. त्या सालची द्राक्षं आहेत ही, अजून वास येतो," आणि बूच नाकाशी नेलं, मग कॅमेरा जवळ घेऊन म्हणाले, "बॅटरी घडावर मार बरं, मणी किती एमएमचा झाला?"